आमच्या दाराची बेल जांब्यात वाजते

कोळवण,
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

चि. सृष्टी,

तुला आशीर्वाद, आणि मनीषलाही. त्याचं नाव मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिलं. आभाळ काही कोसळलं नाही. गोठ्यातली गाय तेवढी हंबरली, तिला भूक लागली असेल.

पत्र कसलं पाठवतेस, फोन कर, असं तू म्हणशील. फोन तुझ्या दादाने, इंद्रजितने, घेऊन दिलाय. मी कुणाला लावला, किती वेळ बोलले, ते त्याला पुण्याजवळ जांब्यातल्या फ्लॅटमध्ये बसून दिसतं, आणि तुझा नंबर तर त्याने आतूनच बंद करून टाकलाय. कागद मात्र अजून कुणाला दिसत नाही. भिंतीला कान असतात असं आपण उगीच म्हणायचो. आता आपल्या भिंतींना खरोखरचे कान आहेत आणि डोळेही आहेत.

श्रावणात दादा आणि तुझी वहिनी दिशा दोन खोकी घेऊन आले. तो असल्याच वस्तूंच्या कंपनीत आहे हे तुला ठाऊक आहे. दिवसभर भिंतींना भोकं पाडत होता. दारावर कॅमेऱ्याची बेल बसवली, दाराला आकड्यांचं कुलूप लावलं, माजघरात एक बोलकी डबी ठेवली. डबीला सांगितलं की दिवा लागतो आणि पंखा फिरतो. "आई, आता घराने माणसांची काळजी घ्यायची, माणसांनी घराची नाही," असं म्हणाला. खरं सांगू, मला आवडलं. गुडघे धरत दिव्याच्या बटणापर्यंत जायला लागत नाही, हे काही वाईट नाही. दिशा म्हणाली की थोड्या दिवसांनी फ्रीज स्वतःच दूध मागवेल. गोठ्यात गाय असताना त्याने दूध कुणाकडून मागवायचं, ते तिला विचारायचं राहून गेलं.

बेलची एक गंमत आहे. कुणी बटण दाबलं की घरात बारीक टिंग होतं आणि खरी बेल वाजते ती दादाच्या फोनवर. बोलतोही तोच. शेजारचा नरहरी कोयता मागायला आला, तर भिंतीतून दादाने त्याला "कोण पाहिजे?" म्हणून विचारलं. नरहरी म्हणाला, "आरं, मी नरहरीकाका. तू कुटं हाईस?" आमच्या दाराची बेल जांब्यात वाजते, हे नरहरीने आता गावभर केलंय.

हे सगळं चाललंय ते आप्पांसाठी, बापाच्या काळजीने. त्यांना विसर पडायला लागलाय, सृष्टी. वर्ष झालं. आधी किल्ल्या विसरायचे, मग वाट विसरायला लागले. उन्हाळ्यात एकदा पौडपर्यंत चालत गेले आणि तिथे उभे राहून रडायला लागले. दादा तेव्हा फार घाबरला. त्याला दर रविवारी यायला जमत नाही, म्हणून त्याने वस्तू पाठवल्या. त्याला वाईट म्हणू नकोस.

आप्पांच्या हाताला एक घड्याळ बांधलंय. नाडी, चाल, माणूस कुठे आहे, सगळं त्यातून जांब्याला कळतं. फोनवर 'हैबतराव' असं नाव दिसतं आणि नकाशावर एक हिरवा ठिपका. आप्पा त्या घड्याळाला बेडी म्हणतात आणि पाठ फिरली की काढून टाकतात. एकदा ते रांजणात सापडलं, एकदा कोंबड्यांच्या खुराड्यात. ठिपका हलला नाही की दादाचा फोन येतो आणि तो आप्पांवर ओरडतो. त्यांना तर आपण काय केलं हेही आठवत नसतं. शेवटी मी ते माझ्याच मनगटात अडकवलं, बांगड्यांच्या मागे. मी काय थोडी चालते? गोठा, विहीर, परस. दादा आता खूश आहे, आप्पा मस्त चालतात म्हणतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. हसलीस ना?

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते लिहिते. आप्पा माझं नाव अधूनमधून विसरतात. मला ते बालवाडीच्या बाई म्हणतात, आणि मी तीस वर्षं तीच होते, त्यामुळे मीही 'हो' म्हणते. तुझं नाव मात्र ते अजून विसरलेले नाहीत. दुपार कलली की पांढरी टोपी घालतात आणि ओट्यावर बसतात. "सृष्टी आली का गं शाळंतनं? येस्टीची येळ झाली," असं रोज विचारतात. तुझं लग्न, दादाचं ते "या घराचं दार तुला बंद" म्हणणं, यातलं काहीच त्यांना आठवत नाही. तुझं नाव जायच्या आत एकदा येऊन जा.

दादाला कळू देऊ नकोस. गोठ्याकडून मागच्या दाराने ये, तिकडे कॅमेरा नाही. हे पत्र फुलाबाई नेते आहे, आपल्याकडे रानभाजी घेऊन येते ती, वरच्या वाडीवरची. तिचा मुलगा गोरख पिरंगुटला कंपनीत जातो, तो पेटीत टाकेल. उत्तर त्याच्याच नावाने पाठव.

तुझी आई


कोळवण,
रविवार, २७ ऑक्टोबर २०२४

चि. सृष्टी,

गोरखने तुझं पत्र आणून दिलं. लिफाफ्यावरचं अक्षर बघून मी ते आधी नुसतंच हातात धरून बसले.

'चोरासारखी मागच्या दाराने येणार नाही, मी त्या घरची लेक आहे,' असं लिहिलंस. वाचून राग आला. बाप जायला टेकलाय आणि हिला दाराचा मान हवा, असं वाटलं. मग गाईला वैरण घालता घालता वाटलं की हिचं काय चुकलं? तिने लग्न केलं, दरोडा घातला नाही. हट्ट कुठून आला ते मी सांगायला नको. दादाही असाच आहे. एका झाडाची दोन लिंबं.

इकडचं कळवते. दाराला वरच्या बाजूला एक लोखंडी हात बसवलाय, सोडलं की दार आपोआप मिटतं आणि कुलूप लागतं. तुला आठवतं ना, आपल्याकडे दिवसा दार कधी बंद नसायचं. दिवसाढवळ्या दार बंद दिसलं की आत काहीतरी झालंय असं समजून माणसं धावून यायची. दार पहिल्यांदा असं मिटलं त्या दिवशी नरहरी आणि त्याची बायको हातातलं काम टाकून आले. "कोन गेलं का काय, वैनी?" म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. आता कुणी विचारत नाही, आमचं दार बंदच असतं हे सगळ्यांना माहीत झालंय.

फुलाबाईने तर पुढच्या दाराचं नाव टाकलं. म्हणाली, "बाय, त्यो वरचा डोळा माज्याकडं बगतुया. काय हरवलं तर म्या चोर ठरंन. म्या हितनं न्हाई यायची." ती आता परसातून येते, भाजी पायरीवर ठेवते आणि उभ्याउभ्याच जाते. पूर्वी ती आप्पांजवळ बसायची, त्यांना खेकडे कसे पकडले ते सांगायची. आप्पांना ते आवडायचं.

आप्पांचं आता दुपारी अवघड होतं. टोपी घालून दाराशी जातात, दार उघडत नाही. आकडे त्यांना कुठले आठवायला? मग दोन्ही हातांनी दार ठोकत बसतात. मी उघडून दिलं की जांब्याला कळतं आणि दादाचा फोन येतो, आप्पांना बाहेर सोडू नकोस, पुन्हा हरवतील. ओट्यावर बसायचे तेव्हा ते हरवणार कसे होते? येणारा-जाणारा प्रत्येक माणूस "आप्पा, कुटं निगाला?" म्हणून हटकायचा. परवा त्यांना मागच्या दाराचा शोध लागला. तिथे जुनीच कडी आहे. मी वेळेत बघितलं म्हणून बरं.

दिवाळीच्या आधी पिरंगुटच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. दादाने घड्याळातली सगळी माहिती डॉक्टरला फोनवरच पाठवली. डॉक्टर म्हणे खूश झाले. नाडी उत्तम, चालणं भरपूर, आणायची घाई नाही. मी 'हं' म्हटलं. माझी नाडी उत्तम आहे हे ऐकून मला काय वाटायला हवं होतं, तूच सांग. सांगून टाकावं असं तोंडापर्यंत आलं होतं. पण सांगितलं असतं तर त्याने ते घड्याळ आप्पांच्या हाताला कुलूप लावून बांधलं असतं. दिवाळीत तो येईल तेव्हा सांगीन.

पुढच्या दाराचं काय करायचं, ते मी बघते. तू सुट्टी काढून ठेव.

तुझी आई


कोळवण,
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

चि. सृष्टी,

मला एक युक्ती सुचली आहे. हसू नकोस, तुझ्या आईने पन्नास पोरांचा वर्ग सांभाळलाय.

आपल्याकडे गुरुवारी वीज जाते. तारांची कामं असतात, सकाळी जाते ती संध्याकाळी येते. गुरुवारी डबी मुकी होते. मी तिला मुद्दाम विचारून बघते, ती काही बोलत नाही. दिवे नाहीत, पंखा नाही, टिंग नाही. म्हणजे दारावरचा डोळाही मिटलेला असणार. तेव्हा तू गुरुवारी ये, ५ डिसेंबरला. आणि पुढच्या दाराने ये.

खरं म्हणजे मलाही तुला मागच्या दाराने घ्यायचं नाही. इतक्या दिवसांनी लेक घरी येते, तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळायचा, पायावर पाणी घालायचं, मग आत घ्यायचं. हे काय गोठ्याच्या दारात करायचं? मी भाकरी करून तांब्या भरून उंबऱ्याशी ठेवीन. बेल दाबू नकोस, तिला त्या दिवशी जीव नसेल. नाशिकहून आधी पुण्याला उतर, तिथून पौड, आणि पौडवरून जीप. जीपवाला आता नव्या रस्त्याने वर दारापर्यंत आणतो. नदीकाठचा एसटीचा जुना थांबा बंद होऊन किती वर्षं झाली, तिकडे कुणी जात नाही. तिकडची आपली भाताची खाचरं ज्यांनी घेतली त्या पुण्याच्या माणसांनी तारेचं कुंपण घातलंय, आणि कुंपणाच्या कडेने पाण्याचा चर खणलाय. वाट अशी राहिलेलीच नाही.

एक गोष्ट पत्रात लिहिण्यासारखी नाही, आल्यावर दाखवीन, असं तू लिहिलंस. लिही ना म्हणावं तर आता दिवस थोडेच राहिलेत. घर बांधताय का? बांधा. पण दाराला कडीच लावा.

आप्पा बारीक झालेत. पाय सुजतात. दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "आई, तुला उगीच वाटतंय, कालच ते केवढे चालले." मीच चालले होते. दिवाळीत सांगायचं ठरवलं होतं, पण दादा चार घास सुखाने खात होता, आप्पांच्या पाठीवर थाप मारत होता. ते बघून जीभ उचलली नाही. तू आलीस की दोघी मिळून सांगू. तू बरोबर असलीस की मला जोर येईल.

तू येणार हे मी आप्पांना सांगणार नव्हते, पण पोटात राहीना. आज सांगितलं. "आली का येस्टी?" म्हणाले आणि लगेच टोपी शोधायला लागले.

तुझी आई


कोळवण,
बुधवार, १८ डिसेंबर २०२४

सृष्टी,

'५ तारखेला नक्की येते' असं तुझं कार्ड आलं होतं. ते माझ्यापाशी आहे.

आप्पा गेले. ५ तारखेलाच, गुरुवारी दुपारी. काल तेरावा झाला.

सकाळी उठल्या उठल्या मी त्यांना सांगितलं की आज सृष्टी येणार. त्यांना न्हाऊ घातलं, धुतलेलं धोतर नेसवलं. भाकरी केली. जीपचा आवाज आला की मी दारात जात होते. दुपारी चुलीजवळून वळले तर मागचं दार सताड उघडं होतं. ते तुला आणायला निघाले होते. नव्या रस्त्याने नाही, तुझ्या शाळेच्या वेळच्या जुन्या थांब्यावर. मी विहिरीवर बघितलं, देवळात बघितलं, नदीवर बघितलं. ते कुंपणाशेजारच्या चरात पडले होते.

फुलाबाई मोळी घेऊन उतरत होती, तिने बघितलं आणि मला हाका मारल्या. मी पोचले तोवर संपलं होतं. तिच्या मांडीवर डोकं होतं. शेवटचं काय बोलले ते तिने सांगितलं. "माजी पोर येस्टीतनं उतरली असंल. तिला म्हनावं हितंच थांब." एवढंच.

तुला वेळ झाला नाही, की मनीषने सोडलं नाही, की दाराचा मान अजून पुरेसा वाटला नाही, मला ठाऊक नाही. विचारायचंही नाही. दादा म्हणायचा, ती आपली राहिली नाही. मी त्याच्याशी भांडायचे.

आता येऊ नकोस. ज्यांच्यासाठी यायचं होतं ते नाहीत.

रंभाबाई


कोळवण,
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

माझ्या सृष्टी,

मागचं पत्र फाडून टाक. चुलीत घाल. ते तुला पोचू नये म्हणून गोरखला पोस्टात पाठवलं होतं, त्याला तिथे सांगितलं की ते कधीच गेलंय. तू ते वाचलं असशील. मी ते लिहिलं हे आता कशानेही पुसलं जाणार नाही, तरी पुढचं वाच. राग धरून वाच, पण वाच.

या रविवारी दादा आणि दिशा आले होते. आप्पांचा भिंतीवर लावण्यासारखा अलीकडचा फोटो कुणाकडे नव्हता. दिशा म्हणाली, दारावरच्या कॅमेऱ्यात असतील. दादा गोठ्यात होता. आम्ही दोघी ओट्यावर तिचा फोन घेऊन बसलो आणि ती एकेक चित्र पुढे सरकवू लागली. टोपी घातलेले आप्पा, नरहरी, पुन्हा आप्पा. मग तू.

दारात उभी होतीस. निळी साडी, खांद्याला पिशवी. कडेवर एक बाळ, डोक्याला लाल टोपडं. दिशाने ते बंद करायला बोट पुढे केलं, मी तिचा हात धरला.

त्यात आवाजही आहे, सृष्टी. आधी तू मला हाक मारली असशील, ती त्यात नाही. बटण दाबल्यापासूनचं आहे. दादा विचारतो, "कोण?" मग म्हणतो, "घरी कोणी नाही."

तू म्हणतेस, "दादा, आईनेच बोलावलंय. तारीख तिनेच दिली."

आणि तो म्हणतो, "मग आईनेच दार लावून घेतलंय असं समज."

तू थोडा वेळ वर बघत उभी राहिलीस. बाळाने त्या बटणाकडे हात केला. मग वाकून उंबऱ्याला हात लावलास आणि गेलीस. मी ते पुन्हा पुन्हा लावायला लावलं. दिशा रडायला लागली. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

वीज गेली की सगळं आंधळं होतं हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही, माझं मीच ठरवलं. त्या बेलच्या पोटात सेल आहे आणि तिचं वेगळं सिम आहे. गुरुवारी दाराचं कुलूप चालतच होतं की. कुलूप चालतं म्हणजे बेलही चालत असणार, हे मला कळायला हवं होतं. पन्नास पोरांचा वर्ग सांभाळला म्हणून मिरवणारी मी.

दादाला मी गोठ्यातून हाक मारून बोलावलं आणि फोन पुढे धरला. तो खाली बसला. मला वाटलं होतं, ओरडेल, तुला नावं ठेवील, मग मला त्याच्यावर हात उगारता येईल. तो म्हणाला, "आई, मी बेल वाजल्यावर आधी आप्पा कुठे आहेत ते बघितलं. ठिपका शेतात चालत होता. मला वाटलं, आप्पा मजेत फिरतायत, आज कशाला घोळ. आप्पा पडलेत हे कळलं असतं तर मी तिलाच पळवलं असतं गं शेतात. ती तिथेच होती."

शेतात चाललेला तो ठिपका मी होते.

हे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही. घड्याळ माझ्या हातात होतं. मी विहिरीकडे धावत होते, देवळाकडे धावत होते, आणि जांब्यात दादाला त्याचा बाप नदीकाठी भराभर चालताना दिसत होता. धावता धावता एकदा वाटलं की दादाला फोन करावा, तो बघून सांगेल आप्पा कुठे आहेत. फोन काढायला हात वर केला आणि बांगड्यांच्या मागे ते दिसलं. माणूस हरवू नये म्हणून आणलेलं यंत्र शोधणारीच्या हातात होतं. ते आप्पांच्या हातात असतं तर दादाने आम्हाला कुंपणापाशी नेलं असतं. मी देवळाकडून नदीकडे वळले तेव्हा बहुतेक तू दारात होतीस.

दादाला माझं हे कधी कळलं, तेही सांगते. अग्नी दिला आणि तो बाजूला येऊन उभा राहिला तेव्हा त्याचा फोन वाजला. फोनवर आलं होतं, 'हैबतराव, आजचं चालणं पूर्ण. शाब्बास.' मी इकडे आलेल्या बायकांना पाणी देत घरभर फिरत होते. तो स्मशानातून आला तो सरळ माझ्या मनगटाकडे बघत आला. "आई, काढ ते," एवढंच म्हणाला. तेराव्यापर्यंत आम्ही एकमेकांशी शब्द बोललो नाही. मला वाटलं, तो माझ्यावर रागावलाय. तो स्वतःची बेल लपवत होता आणि मी माझं घड्याळ. आणि त्याच अबोल्यात बसून मी तुला ते पत्र लिहिलं. कुणावर तरी राग काढायचा होता, तू लांब होतीस, म्हणून तुझ्यावर काढला.

मी दादाला माफ केलेलं नाही. त्याने मला केलं का, तेही विचारलेलं नाही. रविवारी जायच्या आधी त्याने पाना आणून दाराचं कुलूप काढलं, वरचा लोखंडी हात काढला, बेल काढली. त्या जागी भिंतीला भोकं राहिलीत, ती बुजवायची तो विसरला. घड्याळ भिंतीतल्या देवळीत ठेवलंय. त्यातलं आप्पांचं नाव पुसायला त्याचा हात होत नाही, त्यामुळे जांब्यात आप्पा अजून घरातच बसलेले दिसतात. तुला पत्र लिही म्हटलं तर कागद घेऊन बसला आणि नुसतं तुझं नाव लिहून उठला. तो कागद यासोबत घालते आहे.

आता दिवसभर दार उघडं असतं. मिटू नये म्हणून त्याला वरवंटा लावून ठेवलाय. पहिल्या दिवशी नरहरीची बायको आली, दार उघडं कसं म्हणून. आमच्याकडे पूर्वी दार बंद दिसलं की माणसं धावत यायची, आता उघडं दिसलं म्हणून आली. बसली, चहा घेतला, आणि आप्पांसाठी तिथेच बसून रडली. फुलाबाईही पुढच्या दाराने आली.

आज पुन्हा गुरुवार, वीज नाही. मी भाकरी केली होती, तांब्या भरून उंबऱ्याशी ठेवला होता. आत्ता दिवस मावळला, तुकडा गाईला घातला. पुढच्या गुरुवारी पुन्हा करीन. तू ये असं म्हणायचा मला हक्क राहिलेला नाही. ज्या दाराने तुला 'आईनेच लावलंय' म्हणून सांगितलं, त्या दारात पुन्हा पाय ठेवावासा वाटणार नाही, हेही मला कळतं. ज्या बापाला भेटायला निघालीस तो तुलाच आणायला गेला होता आणि वाटेत पडला. तुम्हा दोघांच्या मध्ये एक कुंपण होतं आणि आम्ही दोघं, मी आणि तुझा दादा.

तू आप्पांना बाळ दाखवायला आणलं होतंस. त्यांनी त्यालाच सृष्टी म्हटलं असतं आणि शाळा सुटली का म्हणून विचारलं असतं.

तुझ्याकडे मी एवढंच मागते. पत्र नको लिहूस, उत्तर नको देऊस. एका कार्डावर नुसतं त्या बाळाचं नाव लिहून पाठव. मला त्याला हाक कशी मारायची तेही माहीत नाही.

तुझी
आई